मिनी पीसी घेण्याआधी हार्ड डिस्क उघडली

मिनी पीसी, म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, घ्यायला गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो, मग “आय-थ्री की आय-फाईव्ह?” आणि मग “एट जीबी टाकू की सिक्स्टीन?” टीव्हीला जोडून त्यावर नेमकं काय बघणार आहात, हे मला नवी मुंबईतल्या तुर्भ्यापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत एकानेही विचारलं नाही. खरेदीचा सगळा निर्णय मात्र त्याच उत्तरावर अडला होता.

आमचं उत्तर लांबलचक होतं. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, हँडिकॅमचं वेड. २००३ पासूनच्या त्यांच्या मिनी-डीव्ही कॅसेट ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका व्हिडिओवाल्याकडून आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. तासाभराच्या कॅसेटची साधारण १३ जीबीची फाइल होते, म्हणजे हिशेब करा. शिवाय आमच्या लग्नाच्या व्हीसीडी, नणंदेच्या लग्नाची डीव्हीडी, नवऱ्याने वर्षानुवर्षं विकत घेतलेल्या मैफलींच्या डीव्हीडी, माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनवरचे ४के व्हिडिओ आणि भाच्याच्या आयफोनने काढलेली मुंज. हे सगळं एका ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर कोंबलेलं होतं आणि चरईतल्या आमच्या हॉलमध्ये ५५ इंची ४के टीव्ही लागल्यापासून बाबांचा एकच धोशा होता, “एवढा मोठा पडदा आणलाय, त्यावर माझ्या कॅसेट कधी दिसणार?”

डिस्क थेट टीव्हीच्या यूएसबीत लावून झाली. फोनचे व्हिडिओ छान दिसले. कॅसेटच्या एव्हीआय फायलींवर ‘फॉरमॅट सपोर्ट करत नाही’ असा निरोप आला आणि व्हीसीडीच्या डॅट फायली तर यादीतच नव्हत्या. मग टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर टाकला, ओटीजी केबलचा गुंता करून डिस्क जोडली. चाललं, पण धावणारं माणूस दिसलं की चित्र धक्के खायचं आणि मध्येच डिस्क गायब व्हायची. स्टिक वाईट नसते, तिचा जन्म नेटवरून येणाऱ्या व्हिडिओसाठी झालेला असतो. वीस वर्षांपूर्वीची कॅसेट हे तिचं काम नव्हे.

मी रबाळ्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. आमच्याकडे नमुना तपासल्याशिवाय माल गेटच्या आत येत नाही, त्यामुळे मला सवयीने जे सुचलं ते केलं. डिस्कमधले सगळ्यात अडेलतट्टू असे पाच नमुने काढून पेनड्राइव्हवर घेतले. पहिला, कॅसेटचा तुकडा. दुसरा, नणंदेच्या लग्नातला, अंतरपाट खाली होतो आणि अक्षता उडतात तेवढाच. तिसरा, माझ्या फोनचा ४के, एच.२६४ या जुन्या पद्धतीने दाबलेला. चौथा, मुंजीतला ४के, सेकंदाला ६० फ्रेम, १०-बिट (रंगांच्या जास्त छटा), एचईव्हीसी ही दाबायची नवी पद्धत, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला). हा खरा परीक्षक. पाचवा आमच्याकडे नव्हता, तो घरच्या लॅपटॉपवर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरून एव्ही१ या आणखी नव्या पद्धतीत बदलून तयार केला, कारण यूट्यूब त्याच दिशेने चाललंय. सोबत व्हीएलसीची पोर्टेबल प्रत, म्हणजे दुकानातल्या पीसीत काही इन्स्टॉल करायला नको.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण हे कळल्यावरच बाकीचं सोपं झालं. व्हिडिओ फाइल दाबून लहान केलेली असते आणि दाखवताना ती सेकंदाला २४, २५ किंवा ६० वेळा उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरचा मुख्य भाग करू शकतो, पण घाम गाळून. नाहीतर चिपमध्येच त्यासाठी वेगळी सर्किट असतात, ती तेच काम थंड डोक्याने करतात. कुठल्या चिपमध्ये कुठल्या फॉरमॅटची सर्किट आहेत हे पिढीवर ठरतं. इंटेलच्या सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५ च्या चिपमध्ये, ८-बिट एचईव्हीसी नीट चालतो, १०-बिटला ती पूर्ण पुरत नाही. सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी आणि यूट्यूबवरच्या व्हीपी९ या फॉरमॅटची सोय आली. एव्ही१ साठी २०२० ची अकरावी पिढी उजाडावी लागली. आय-थ्री की आय-फाईव्ह या प्रश्नाला इथे काही अर्थच उरत नाही. नव्या पिढीची सगळ्यात खालची चिप जुन्या आय-सेव्हनला या एका कामात मागे टाकते.

आधी सेकंडहँड बघायचं ठरवलं. तुर्भे, महापे, रबाळे हा सगळा टीटीसीचा औद्योगिक पट्टा. आयटी कंपन्यांचे भाडेकरार संपले की त्यांचे छोटे ऑफिस पीसी घाऊक भावात बाहेर पडतात आणि ते साफसूफ करून विकणारे या भागात बरेच आहेत. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटून ट्रान्स-हार्बरने तुर्भे गाठलं. गोदामात लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी हारीने रचून ठेवलेले. जाडजूड पुस्तकाएवढे, पत्र्याचे, दणकट. नवऱ्याला बघूनच खूष व्हायला झालं. विक्रेताही सगळं त्यालाच समजावून सांगत होता. मी पेनड्राइव्ह पुढे केल्यावर क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, “मॅडम, लावा की. आय-फाईव्ह आहे, काहीही चालेल.”

सहाव्या पिढीच्या आय-फाईव्हवर कॅसेट, लग्न, फोनचा व्हिडिओ सगळं व्यवस्थित झालं. मुंज लावली आणि बटू भिक्षावळीला पाऊल उचलून तसाच थांबला. आवाज पुढे गेला, “ॐ भवति भिक्षां देहि” ऐकू आलं, चित्र मागून उड्या मारत आलं. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकलेला आणि पंखा भुंग्यागत सुटलेला. शेजारचा आठव्या पिढीचा लावला. तीच फाइल, प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर, जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख मात्र वर चढलेला. हा आलेख बघायला शिका, असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते. प्रोसेसर निवांत आणि डीकोड कामात, म्हणजे चिप ते काम योग्य जागी करतेय.

आठव्या पिढीच्या त्या मशीनला विक्रेत्याने तेरा हजारांच्या आसपास भाव सांगितला. आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. मोह झाला. पण एक गोम होती आणि ती त्या गोदामात दिसणं शक्य नव्हतं, कारण तिथला मॉनिटर साधा फुल एचडी होता. त्या पिढ्यांच्या इंटेल ग्राफिक्समधून थेट निघणारं एचडीएमआय १.४ चं असतं. त्यावर ४के चित्र मिळतं, पण सेकंदाला फार तर ३० वेळा. ६० हवं तर पीसी बनवणाऱ्याने बोर्डावर वेगळी चिप बसवलेली असावी लागते. या ऑफिसच्या पीसींमध्ये ती सहसा नसते, कारण ऑफिसात मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्ट हे दुसरं कनेक्शन वापरतात. मग डिस्प्लेपोर्टला ‘ॲक्टिव्ह’ प्रकारचा कन्व्हर्टर लावून टीव्हीचं एचडीएमआय २.० गाठायचं. स्वस्तातला साधा कन्व्हर्टर इथे कामाचा नाही. म्हणजे हजार-दीड हजार आणखी, मधे एक लोंबणारा जोड, आणि एव्ही१ ची सोय नाहीच. पंखा दिवाणखान्यात ऐकू येईल का, हेही त्या गोदामाच्या गोंगाटात कळेना. “विचार करून सांगतो” म्हणून निघालो. ज्यांचा टीव्ही फुल एचडी आहे त्यांनी मात्र बिनधास्त असला पीसी घ्यावा. त्या पैशांत एवढं टिकाऊ दुसरं काही मिळत नाही.

खारघरच्या भाच्याचं मत वेगळं. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याच्याकडे सगळ्यावर उपाय रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. “मामी, पाय ५ घ्या, टीव्हीच्याच रिमोटवर चालतो.” यात तथ्य होतं आणि रिमोटचा मुद्दा पुढे मला चांगलाच आठवला. एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीच्या रिमोटचे हुकूम पलीकडच्या यंत्राला पोचवण्याची जी सोय असते, सीईसी नावाची, ती पायमध्ये असते आणि मिनी पीसीत जवळपास कधीच नसते. पण २०२३ च्या पाय ५ मध्ये एचईव्हीसीचं सर्किट ठेवून एच.२६४ चं काढून टाकलंय. फुल एचडीपर्यंत त्याचा प्रोसेसर ते सहज ओढतो. माझ्या जुन्या फोनचे ४के एच.२६४ व्हिडिओ तर नेमके त्यापलीकडचे. त्यात बोर्ड, २७ वॉटचा अडॅप्टर, केस, पंखा, कार्ड असं एकेक जोडत गेलं की बेरीज मिनी पीसीच्या जवळ जाते. भाचा थोडा नाराज झाला, पण नमुना क्रमांक तीनपुढे त्याचाही इलाज नव्हता.

राहिले नवे चिनी मिनी पीसी. बाहेरदेशी हे फार स्वस्त मिळतात असं व्हिडिओंमध्ये दिसतं आणि आपला जीव जळतो. आपल्याकडे अलीएक्सप्रेसच्या ॲपवर नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी आली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉपसोबत या ‘अल्ट्रा स्मॉल’ कॉम्प्युटरच्या आयातीलाही परवान्याची अट घातली. नंतर ती थोडी सैल झाली तरी आम्ही शोधत होतो तेव्हा माल परवानगी असलेल्या आयातदारांमार्फतच यायचा, वर १८ टक्के जीएसटी. तेव्हा परदेशातल्या किमती विसरून इथल्या इथे तुलना करायची.

ऑनलाइन यादीत दोन गट दिसत होते. दहा-अकरा हजारांचे इंटेलच्या जे४१२५ चिपवाले आणि सोळा-सतरा हजारांचे एन१०० वाले. दोन्हींच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात ‘४के’. पाच-सहा हजारांचा फरक कशाचा, हे वर्णन वाचून कळायला मार्ग नाही, उलट दोन्हीकडे ‘क्वाड कोअर’ लिहिलेलं. फरक असा की जे४१२५ ही २०१९ ची चिप. तीत १०-बिट एचईव्हीसी आहे, व्हीपी९ आहे, एव्ही१ नाही. एन१०० ही जानेवारी २०२३ ची. चार छोटे कोअर, ६ वॉटची, आणि ग्राफिक्स बाराव्या पिढीच्या घराण्यातले, म्हणजे एव्ही१ सकट सगळं. तिचीच भावंडं एन९५ आणि एन९७. डीकोडिंगला तीही चालतात, पण एन९५ ची मर्यादा १५ वॉटची, आणि बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवायचं तर मला कमी उष्णता हवी होती.

ऑनलाइन मागवायचं तर नमुने लावून बघता येणार नव्हते, म्हणून लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा रजा टाकून गेले. एका दुकानात विंडोज घातलेला पीसी दाखवला, ‘ॲक्टिव्हेटेड’ही दिसत होतं, पण परवाना कंपन्यांना घाऊक देतात त्या जातीचा निघाला. घरगुती ग्राहकाला तो कसा, विचारल्यावर “सगळे असंच देतात” हे उत्तर. दुसऱ्या दुकानातल्या मालकाने मात्र शांतपणे दोन्ही प्रकारचे डबे टेबलावर मांडले आणि पेनड्राइव्ह माझ्या हातून घेऊन स्वतःच लावला.

जे४१२५ ने चार नमुने चालवले, पाचव्याला मान टाकली. व्हिडिओ डीकोडचा आलेख जमिनीवर, प्रोसेसर १०० वर. एन१०० वर पाचही चालले आणि प्रोसेसर वीस टक्क्यांच्या वर गेला नाही. सगळ्यात गंमत मालकाच्या चेहऱ्यावर होती. “मॅडम, हा पेनड्राइव्ह मला कॉपी करून देता का?” मुंज आणि लग्न वगळून दिला.

एन१०० वालाच घ्यायचा ठरला. पंख्याची परीक्षा लॅमिंग्टन रोडवर करणं म्हणजे विनोदच. डबा उचलून कानाला लावला तेव्हा बारीक शीळ ऐकू आली, पण घरी रात्री अकराला ती कशी वाटेल, कोण सांगणार? म्हणून बिलावरच लिहून घेतलं की पंख्याचा आवाज त्रासदायक वाटला तर आठवड्यात बदलून मिळेल. मालकाने थोडे आढेवेढे घेऊन लिहिलं. अडॅप्टरवर बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे ना, तेही पाहिलं. दिवसरात्र प्लगमध्ये राहणारी वस्तू आहे ती. १६ जीबी रॅमचा आग्रह नाकारून ८ घेतली. व्हिडिओ दाखवायला तेवढीही खूप होते, एसएसडीही २५६ पुरते, फायली बाहेरच्या डिस्कवरच आहेत. विंडोज नसलेला घेतला म्हणून थोडे पैसे आणखी सुटले.

विंडोज नको हे माझं आधीच ठरलं होतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, टीव्ही लावला आणि समोर अपडेटचं गोल चक्र फिरायला लागलं तर तो पीसी दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाईल. लिब्रएलेक नावाची एक छोटी लिनक्स आहे, तिचं काम एकच, पीसी सुरू झाला की थेट कोडी उघडायचं. कोडी म्हणजे टीव्हीवर व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्वीचं एक्सबीएमसी. मूळचं गेमच्या कन्सोलसाठी लिहिलेलं, २०१४ मध्ये नाव बदललं. पेनड्राइव्हवरून बसवायला वेळ लागला नाही. फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ‘सिक्युअर बूट’ बंद करावं लागतं, नाहीतर ते उठतच नाही. तिथे असतानाच आणखी एक सेटिंग बदललं, लाईट जाऊन आली की पीसी आपोआप सुरू व्हावा. मे महिन्यात या एका सेटिंगने फार उपकार केले.

खरी मेहनत पुढे होती. पहिल्या संध्याकाळी बाबांची कॅसेट लावली, गणपतीपुळ्याचा समुद्र, त्यात पळणारी मुलं. मुलं उभी असताना चित्र स्वच्छ, पळायला लागली की अंगाच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. हँडिकॅमचं चित्र दोन अर्ध्यांनी बनतं. सम ओळी एकदा, विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. दोन्ही एकाच वेळी दाखवले की हलणारी वस्तू दोन ठिकाणी दिसते, तीच ती रेघ. कोडीत व्हिडिओ चालू असतानाच सेटिंग उघडून ‘डीइंटरलेस’चा प्रकार बदलता येतो. त्यातला हालचालीचा अंदाज घेणारा पर्याय निवडल्यावर रेघा गेल्या. पण चाल अजून किंचित अडखळत होती, कारण टीव्ही ६० हर्ट्झवर आणि आपल्या देशातलं कॅसेटचं चित्र ५० चं. पन्नास चित्रं साठ खणांत बसवायची तर काही दोनदा दाखवावी लागणारच. प्लेयरच्या सेटिंगमध्ये ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आहे, ते सुरू केलं की कोडी फाइल बघून टीव्हीलाच ५० वर नेतं. सिनेमा असेल तर २४ वर, मुंज असेल तर ६० वर.

त्यानंतर समुद्र जो दिसला! पाणी अक्षरशः वाहायला लागलं. बाबा पुढे सरकून बसले आणि “हेच, असंच दिसायचं व्ह्यूफाइंडरमधून” म्हणाले. एवढ्या साध्या सेटिंगने एवढा फरक पडतो आणि दुकानात कुणाच्या तोंडी हा शब्दही नव्हता.

या बदलाची एक किंमत आहे. व्हिडिओ सुरू होताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा होतो. आईंनी त्यात लगेच रिमोट दाबून टीव्ही खरंच बंद केला. कोडीला त्या वेळात थांबून राहायला सांगता येतं, तेवढं केलं, म्हणजे सुरुवातीचे शब्द तरी बुडत नाहीत. बाकी सवयीचा भाग.

टीव्हीकडचीही दोन सेटिंग. एचडीएमआयच्या ज्या पोर्टला पीसी लावलाय त्याचा ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ पर्याय टीव्हीच्या मेनूतून सुरू करावा लागतो, नाहीतर एचडीआर मिळत नाही. आणि काळा रंग राखाडी दिसत असेल तर पीसी आणि टीव्ही या दोघांत फुल-लिमिटेडचा, म्हणजे काळा-पांढरा कुठून कुठे मोजायचा याचा, विसंवाद आहे, दोन्हीकडे एकच ठेवायचं. आयफोनच्या मुंजीतला डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराचा थर मात्र इथे वापरला जात नाही, त्याखालचं एचएलजी या साध्या एचडीआर प्रकारातलं चित्र दिसतं. मला तेवढं पुरेसं वाटलं, सोवळ्याचा केशरी रंग आणि होमाची ज्वाळा दोन्ही एकाच चित्रात टिकून आहेत.

आवाजाचं प्रकरण नवऱ्याने आपल्या अंगावर घेतलं. मैफलींच्या काही डीव्हीडींवर डीटीएसचा, म्हणजे अनेक चॅनलच्या आवाजाचा, ट्रॅक आहे. आमचा साउंडबार टीव्हीला एआरसीने, म्हणजे एचडीएमआयच्याच तारेतून आवाज बाहेर नेणाऱ्या सोयीने, जोडलेला, आणि बऱ्याच नव्या टीव्हींनी डीटीएस घेणंच सोडून दिलंय. परिणाम, तबलजी हात चालवतोय आणि खोली शांत. पीसीने डीटीएस स्वतः उलगडून पाठवला तर एआरसीच्या मार्गात साध्या आवाजाचे दोनच चॅनल बसतात. यावर कोडीत एक आडवाटेचा उपाय आहे. चॅनलची संख्या २.० ठेवायची, पासथ्रू (आवाज दाबलेलाच पुढे पाठवणं) सुरू करायचा, डीटीएसची खूण काढायची आणि डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करण्याचा पर्याय चालू करायचा. दोन चॅनल निवडल्याशिवाय तो पर्याय कामच करत नाही, हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. मग पाचही बाजूंनी आवाज आला. तानपुरा आता मागून येतो, आणि तो मागून यायला हवा का, यावर घरात दोन तट आहेत.

आता रिमोट. पन्नास वेळा सांगूनही लोक खरेदीच्या यादीत हा धरत नाहीत. भाचा म्हणाला होता तसं टीव्हीचा रिमोट चालला नाही. सीईसीसाठी यूएसबीचं वेगळं उपकरण मिळतं, पण त्याची किंमत आणि वाट बघणं दोन्ही जास्त होतं. फोनवर कोडीचं ‘कोअर’ ॲप नवऱ्याला आवडलं, आईंना नाही. “टीव्ही बघायचा तर फोन शोधत बसू का?” हा त्यांचा सवाल बिनतोड होता. शेवटी यूएसबी डोंगलवाला, हवेत हलवला की बाण फिरतो तसला एअर रिमोट आणला, आणि बाण फिरवायची सोय आधी बंद केली. उरली चार दिशांची बटणं, ओके आणि मागे जायचं. ओकेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, मागच्या बटणावर पांढरा. डोंगल पीसीच्या मागच्या यूएसबीत होता तेव्हा बटणं चुकायची. यूएसबी ३.० च्या डिस्कची केबल शेजारी असली की २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला त्रास होतो. छोट्या एक्स्टेन्शनने डोंगल युनिटच्या पुढच्या कडेला आणला आणि प्रश्न संपला.

पीसी टीव्हीमागे लपवायचा बेत मात्र बारगळला. मिनी पीसीसोबत पट्टी मिळते, पण टीव्ही भिंतीवर टांगलेला असेल तर ती पट्टी बसवायची भोकं आधीच वापरलेली असतात. युनिटच्या खणात ठेवला. दार लावलं की अर्ध्या तासात पंख्याचा सूर चढायचा, तेव्हा सुताराकडून मागच्या प्लायला हातभर भोक पाडून घेतलं. आता सोफ्यावरून आवाज येत नाही, बिलावर लिहून घेतलेली अट वापरावी लागली नाही. वीज मोजायचं यंत्र ऑफिसातून आणून लावलं होतं. नुसता चालू असताना ७-८ वॉट, मुंज लावल्यावर १२-१३. महिनाभर बंदच केला नाही तरी महावितरणच्या बिलात सहा-सात युनिट, म्हणून बंद करायचं बटण आम्ही आईंना दाखवलेलंच नाही.

नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे या पीसीवर बघायच्या भानगडीत मी पडले नाही. त्या कंपन्या ४के चित्र फक्त त्यांनी मान्य केलेल्या, कुलूपबंद यंत्रणांना देतात. लिनक्सवर ते मिळत नाही, आणि विंडोजवरही ठरावीक ब्राउझर किंवा ॲपच लागतं. त्यासाठी टीव्हीतली ॲप आणि ती जुनी स्टिक आहेच. टीव्हीच्या रिमोटवर सोर्सचं बटण दाबलं की पीसी, पुन्हा दाबलं की बाकी जग.

मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. “वहिनी, तुमच्यासारखाच मिनी पीसी आम्हालाही घ्यायचाय, सोळा हजारच ना?” मी म्हटलं, आधी तुमच्याकडे बघायला काय काय आहे त्याची यादी पाठवा. यादी आली: यूट्यूब, नेटफ्लिक्स, हॉटस्टार, आणि फोनमधले थोडे फोटो. मी तिला चार-पाच हजारांची ४के स्टिक घ्यायला सांगितलंय. तिच्या लग्नाची डीव्हीडी बघायला ती तशीही आमच्याकडेच येते.